फाशीनंतरची पत्रं

माझा पक्षकार फासावर गेल्यानंतर मी त्याच्यासाठी जितकी पत्रं लिहिली, तितकी तो जिवंत असताना लिहिली नव्हती. बायको हे अधूनमधून सुनावते आणि मी भाजी कसली केलीस म्हणून विचारतो.

तो चळवळीतला माणूस, सरकारविरुद्धच्या उठावाच्या खटल्यात सापडलेला. दयेचा अर्ज फेटाळला गेला, आणि फाशीनंतर काळा कोट बॅगेच्या तळाशी घालून मी कतारला, दोहाला आलो. वेस्ट बेमधल्या एका बांधकाम कंपनीत मी पोटकंत्राटदारांना दम देणारी पत्रं लिहितो. झकास लिहितो.

त्याची थोरली बहीण मराठवाड्यातल्या खेड्यात असते. अंत्यसंस्कार तुरुंगाच्या आवारातच उरकले होते. तो तुरुंगात एका वहीत लिहायचा, तिला निदान ती वही हवी होती. दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीला, फोन.

"वकीलसाहेब, आली का हो वही?"

"ताई, पत्र टाकलंय. येईल."

"त्याला बी असंच सांगत व्हता तुमी. सुटशील म्हणून."

तुरुंगाने माझ्या चार पत्रांना उत्तर दिलं नाही. पाचवं मी ऑफिसात खरडलं. शहाण्या माणसाने कोरा कागद घेतला असता. मी एका पोटकंत्राटदाराला धाडलेलं पत्र उघडलं, 'साईटवरचं सामान' खोडून तिथे 'वही' घातली, तेवढ्यात साहेब "यल्ला, चला, मीटिंग!" म्हणून ओरडला, आणि मी न वाचता पाठवून दिलं. शेवटचा परिच्छेद तसाच राहिला: चौदा दिवसांत वस्तू नेली न गेल्यास हक्क सोडला असे समजून तिची विल्हेवाट लावण्यात येईल.

या पत्राला मात्र उत्तर आलं. आपण कळवलेल्या मुदतीत कोणीही न आल्याने सदर वही जाळून नष्ट करण्यात आली आहे.

त्यानंतर मी आणखी तीन पत्रं लिहिली. शेवटच्यात विनवलं की ती वही कुणा शिपायाने चाळली असेल तर आठवेल तेवढं लिहून पाठवावं. बायकोने ते वाचलं आणि यावेळी तिनेच भाजी कसली करू म्हणून विचारलं. तुरुंगाचं उत्तर आलं नाही.

शुक्रवारी फोन वाजला. मी सगळं सांगून टाकलं, परिच्छेदासकट. पलीकडे तिने कोंबड्यांना हाकललं.

"मंग आता तुमीच लिवून धाडा," ती म्हणाली. "इतकी वर्सं भेटत व्हता त्याला. काय काय बोलायचा, समदं लिवा. मी पोरीकडनं वाचून घेते."

"लिहितो, ताई."

तीन आठवडे कागद समोर आहे. भेटायला जायचो तेव्हा मी त्याला कलमं सांगायचो, तारखा सांगायचो. तो बोलायला लागला की घड्याळ बघायचो. मुळ्याची भाजी आवडत नाही, असं तो एकदा म्हणाल्याचं आठवतंय. पण तेही बहुधा दुसऱ्याच कुणा पक्षकाराचं.