चार फुटांची खंडणी

खंडणीखोर: मिस मर्टल प्रीस, वय एकोणऐंशी, अविवाहित, राहणार हेरफर्डशायर. शस्त्र: नाही. साथीदार: नाहीत. ओलीस: एक कुरण आणि त्यावर होऊ घातलेली बावीस घरे. मागणी: अद्याप कळलेली नाही.

बिल्डर कंपनीच्या अहवालात शस्त्र आणि साथीदार हे रकाने नव्हते. बाकी थाट हाच. कुरण आणि रस्ता यांच्यामधली चार फूट रुंदीची गवताची पट्टी मर्टलच्या नावावर होती आणि ती ओलांडल्याशिवाय कुरणात एक वीट जाणार नव्हती. अशा जमिनीला इंग्रज वकील सरळ 'खंडणीची पट्टी' म्हणतात, आणि म्हणताना हसत नाहीत. मर्टलला खंडणी ठाऊक होती ती चर्चमधली, येशूने सगळ्यांसाठी भरलेली. ती मागितली कोणी, हे पाद्रीबाबांनी कधी स्पष्ट केले नव्हते.

ही पट्टी म्हणजे वडिलांची करणी. कुरण त्यांनी धाकट्या हेडलीला दिले. घर आणि पट्टी मर्टलला. हेडलीची बायको मर्टलला खपत नसे, बायकोला मर्टल. एरवी बहीणभावांनी एकमेकांचे तोंड पाहिले नसते. पण मेंढ्या कुरणात न्यायच्या तर हेडलीला टोपी हातात घेऊन बहिणीच्या मागच्या दाराशी यावेच लागे.

"मर्टल, मेंढ्या न्यायच्यात. जाऊ का गं?"

"बघते. विचार करावा लागेल."

"अगं, रस्त्यात उभ्या आहेत त्या!"

"राहू देत. तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत. बस."

मग चहा, सफरचंदाचा केक, आईच्या आठवणी. बायकोबद्दल अवाक्षर नाही. बाहेर पोस्टाची गाडी मेंढ्यांच्या मागे हॉर्न वाजवत राही. असे तीसेक वर्षे चालले.

दोन वर्षांपूर्वी हेडली गेला आणि बायकोने कुरण विकले. तेव्हापासून कंपनीचा रॉस पिवळे हेल्मेट घालून पुढच्या दाराने येई आणि दर खेपेस आकडा वाढवी.

"मिस प्रीस, एवढ्या खंडणीत कैदेतला एखादा राजा सुटून येईल!"

"राजा कोणाला हवाय, बाळा?"

"मग काय हवंय ते तरी सांगा."

मर्टल बराच वेळ बशी पुसत राहिली. "मागच्या दारानं ये. डोक्यावरचं ते काढ. आणि म्हण, 'मर्टल, मेंढ्या न्यायच्यात. जाऊ का गं?'"

रॉसने खिडकीतून पाहिले. मेंढ्या नव्हत्या. पण बढती त्या चार फुटांवर अडली होती. तो घराला वळसा घालून, खाजऱ्या झुडपांतून वाट काढत गेला, हेल्मेट छातीशी धरले आणि शाळेतल्या नाटकासारखे एकेक अक्षर बिनचूक म्हटले.

मर्टल दारात उभी होती. 'बघते' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. पण पोरगा फार उंच होता, आवाज शहरातला होता, आणि त्याला खरोखरच घाई होती. हेडलीला कधीच नव्हती, हे तिला आत्ता, इतक्या उशिरा कळले.

"आण ते कागद," ती म्हणाली.

कराराने कंपनीला 'कोणत्याही वेळी, कोणत्याही कारणासाठी, पूर्वपरवानगीशिवाय' ये-जा करण्याचा कायमचा हक्क दिला.

सोमवारी ट्रक सुरू झाले. विचारायला कोणी आले नाही.