खाकी आणि साठ पावलं

माझी मावशी एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात एकतीस वर्षं पुस्तकं बांधत होती. पानं सुटलेली, पाठ निसटलेली, कुणीतरी चहा सांडलेली पुस्तकं वरून खाली यायची. मावशी ती उसवायची, पुन्हा शिवायची, सरस लावून दाबाखाली ठेवायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर फाटकी प्रकरणंच समोर असतात. घरी आणखी एक कशाला?"

तरी चौपन्नाव्या वर्षी तिने एक प्रकरण घरी आणलंच. बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातली पाच वर्षांची कुत्री. पुठ्ठ्यावर चढवायच्या कागदासारखा रंग, म्हणून नाव ठेवलं खाकी. निवाऱ्यातल्या बाईने आधीच बजावलं होतं, "घरात गरीब गाय आहे. फक्त पट्टा लावलेला असताना अनोळखी कुत्रं दिसायला नको."

"मी तरी कुठे अनोळखी कुत्री शोधत फिरतेय!" मावशी हसून म्हणाली.

तिसऱ्याच दिवशी तिला कळलं की रस्त्यावर ती शोधावी लागत नाहीत. समोरच्या फुटपाथवर एक म्हातारा लॅब्राडॉर शांतपणे चालला होता. त्याला पाहताच खाकी मागच्या पायांवर उभी राहिली, गळा आवळेपर्यंत ओढत भुंकत सुटली. मावशी गुडघ्यावर आपटली. लोक थांबून बघायला लागले. कुणी म्हणालं, "झेपत नाही तर पाळता कशाला?"

मावशी हार मानणाऱ्यांतली नव्हती. तिने एक प्रशिक्षक बाई गाठली. ती म्हणाली, "ही भांडखोर नाही, घाबरट आहे. पट्ट्यामुळे पळता येत नाही, म्हणून दुसऱ्यालाच पळवून लावायला बघते. किती अंतरावरून कुत्रं दिसलं तरी ही शांत राहते, ते आधी शोधा. तिथेच थांबा. तिने कुत्र्याकडे पाहिलं की लगेच तोंडात चिकनचा तुकडा. भुंकायच्या आत वळायचं. आणि पट्टा सैल ठेवा. तुमचा हात ताठरला की तिला वाटतं, नक्कीच काहीतरी गडबड आहे."

ते अंतर निघालं साठ पावलं.

मग मावशीचं आयुष्य पावलांत मोजलं जायला लागलं. सकाळी चिकन उकडायचं, नखाएवढे तुकडे करायचे, मैदानाच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं. आत कुत्री खेळायची. खाकी बघायची, मावशी तुकडा द्यायची. दीड महिन्याने पन्नास पावलं. मग चाळीस. एकदा मोटारीच्या भोंग्याने सगळं बिनसलं, पुन्हा पंचावन्न. पाचव्या महिन्यात मला तिचा फोन आला. "अगं, आज बावीस! बावीस पावलांवर एक कुत्रा होता, आणि हिने त्याला पाहून माझ्याकडे मान वळवली. आपण होऊन!" ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी ते घडलं.

कोपऱ्यावरून एक पांढरं, लहानसं कुत्रं धावत आलं. पट्टा नव्हताच. मागून त्याचा मालक रमतगमत येत होता. मावशी ओरडली, "धरा त्याला! आधी धरा!"

"घाबरू नका हो, आमचा काही करत नाही," तो म्हणाला.

त्याचा काही करत नव्हता, हे खरंच होतं. तो शेपूट हलवत थेट खाकीच्या तोंडाशी आला. खाकीने त्याचा कान धरला. मावशीने मध्ये हात घातला, आणि खाकीने त्या भरात तोही फोडला. उजव्या अंगठ्याची शीर तुटली.

त्या कुत्र्याचा कान शिवला गेला. मावशीचा अंगठाही शिवला, पण पुरता वळेना. सुई चिमटीत राहीना. चार महिने तिने डाव्या हाताने करून पाहिलं. टाके वाकडे पडायचे, आणि ते तिला स्वतःलाच बघवत नव्हते. शेवटी तिने मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशीही खाकीला फार वेळ एकटी ठेवायला नको, म्हणून समारंभातून अर्ध्या तासात परत आली.

आणि खाकी? इतक्या महिन्यांचं सगळं मुसळ केरात. आता शंभर पावलांवर कुत्रं दिसलं तरी ती पेटायची. नुसता दुसऱ्या कुत्र्याच्या गळ्यातल्या घुंगराचा आवाज पुरायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी ती सुस्तावली, पण भुंकायची तशीच. प्रशिक्षक बाई आणखी तीन महिने येत राहिली, मग एक दिवस खुर्चीत बसून म्हणाली, "मावशी, खोटं सांगत नाही. काही कुत्री सुधारत नाहीत. फक्त सांभाळायची असतात."

माझ्या आईने स्पष्ट सांगितलं, "परत देऊन टाक. तुझा हात गेला, नोकरी गेली. आणखी काय द्यायचंय तिला?"

"चावलेल्या कुत्रीला कोण नेणार, ताई? पिंजऱ्यातच मरेल."

"आणि तू?"

मावशी उठून खाकीच्या भांड्यात पाणी ओतायला लागली.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. ती आता भर दुपारी दोन वाजता खाकीला बाहेर काढते, रस्ते ओस असतात तेव्हा. खाकीच्या तोंडाला जाळी, पट्टा मावशीच्या कमरेला बांधलेला. आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो आणि उभ्या टेम्पोच्या मागून कुणीतरी कुत्रं घेऊन आलं. खाकी उसळली. मावशी ओरडली नाही, तिने पट्टा ओढलाही नाही. पाय फाकून, खाली बघत ती नुसती उभी राहिली, फाटकाशी एखादी लांबलचक मालगाडी जायची वाट बघावी तशी.

आवाज थांबल्यावर मी विचारलं, "होईल का गं कधी ठीक?"

"नाही," मावशी म्हणाली. मग खाकीच्या धपापणाऱ्या पाठीवर तिने डावा हात ठेवला. "थांब जरा. ते कुत्रं लांब जाऊ दे, मग निघू."