आमच्या कुत्र्याचं रक्त

आमच्या कुत्र्याने रक्त दिलं, हे मी काल दुपारपर्यंत मोहल्लाभर मिरवत होते. लकडगंजात आमच्या समोरच काकू राहतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या कुत्रीला गोचिडांचा ताप आला. रक्त पार उतरलं, हिरड्या पांढऱ्याफटक. डॉक्टर म्हणाले, रक्त चढवायचं तर आत्ताच. मी आमचं धूड ओढत नेलं.

"याला कधी गोचिडांचा ताप आला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, याला काय होतंय," मी ठोकून दिलं. सावनेरच्या शेतावरून पिल्लू आणलं तेव्हा ते आठवडाभर तापलं होतं, कानांतून मूठभर गोचीड काढले होते. आठवलं नाही असं नाही. पण ते आपोआप बरं झालं होतं, आणि इतक्या धडधाकट कुत्र्याबद्दल ते सांगणं मला कमीपणाचं वाटलं. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर त्याच्या रक्तात काही दिसलंही नाही.

काकूंची कुत्री उठून बसली. राखीला काकूंनी तिच्या नावाने आमच्या कुत्र्याला राखी बांधली. "याच्याच रक्तावर जगून राहिली माही पोरगी," म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात ती पुन्हा पडली. आधीचं इंजेक्शन लागू पडेना. डॉक्टरांनी दोन्ही कुत्र्यांचं रक्त पीसीआरला पाठवलं, कोरोनात आपली करायचे तीच तपासणी. काल त्यांचा फोन आला. तिच्या रक्तातले आधीचे जंतू मोठे होते, ते गेले. आताचे बारीक, जनुकं निराळी, म्हणून औषधही निराळं. आणि त्यांची जनुकं आमच्या कुत्र्यातल्या जंतूंशी जुळली. तो इतकी वर्षं ते अंगात घेऊन उड्या मारत होता.

रोग आम्ही दिला होता, मी दिला होता.

संध्याकाळी काकूंकडे गेले आणि सावनेरसकट सगळं सांगितलं. कुत्री कोपऱ्यात पोत्यावर निपचित पडली होती. आमचा कुत्रा माझ्या मागोमाग आत आला होता.

"तुले माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"हो."

त्यांनी त्याच्या पायातल्या विटलेल्या राखीकडे पाहिलं.

"मंग याचं औषध सुरू केलं का वं?"

दुपारपासून मी काकूंना तोंड कसं दाखवू एवढाच विचार करत होते. माझ्याही कुत्र्याला तोच रोग आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.