उजवी काढली का?

त्या मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ बांधत. वेळ पाहायची झाली की ज्योतिषाला हात दाखवावा तसा तळहात वर करत आणि म्हणत, "तीन मिनिटं झाली." मग उठत. समोरच्याचं वाक्य पुरं झालंय की नाही, ही गोष्ट त्यांच्या लेखी गौण होती.

लखनौच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवावा लागे, मग वाट पाहावी लागे, आणि जोडणी मिळाली की दर तीन मिनिटांनी ऑपरेटर मध्ये येऊन आठवण करून देई. ज्यांनी असे फोन केले आहेत त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. "पहिली दोन मिनिटं नुसतं हॅलो हॅलो," त्या सांगत. "तिसऱ्या मिनिटाला माणसाला आठवते की आपण फोन कशासाठी केला."

मी एका वृत्तसंस्थेचा लखनौमधला वार्ताहर होतो. टेलिप्रिंटर बंद पडला की बातमी दिल्लीला फोनवर सांगावी लागे. अशाच एका दुपारी दिल्लीच्या माणसाने एकच आकडा चौथ्यांदा विचारला तेव्हा मी एक मराठी शब्द उच्चारला. तो दिल्लीला कळणार नाही याची मला खात्री होती. मधूनच बाईचा आवाज आला.

"लाइनवर बायामाणसं आहेत, भाऊ."

लगेच त्याच आवाजात, हिंदीत : "थ्री मिनट्स ओवर. एक्सटेंड करेंगे?"

मी एक्सटेंड केलं.

पुढे इंदिरा नगरमध्ये एका घराचा तळमजला मी भाड्याने घेतला. दुसऱ्याच सकाळी वरच्या गॅलरीतून कोणीतरी भाजीवाल्याला म्हणालं, "भैया, होल्ड कीजिए," आणि टोपली आणायला आत गेलं. आवाज ओळखीचा होता. मी बाहेर जाऊन मराठीत नाव सांगितलं. त्यांनी वरून मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "आवाजावरून जाडे वाटले होते."

त्या नागपूरच्या. यजमान इथल्या एका सरकारी कारखान्यात होते म्हणून त्या बदली घेऊन आल्या. यजमान वारले, त्या राहिल्या. घरात त्या आणि इंटरला, म्हणजे बारावीला, असलेली मुलगी. त्या मुलीशी मराठीत बोलत, मुलगी हिंदीत उत्तर देई, आणि यात काही वेगळं आहे असं दोघींनाही वाटत नसे. पाहुण्यांना दारात "जय भीम" म्हणत. कॉलनीत त्यांना "एक्सचेंजवाली भाभीजी" म्हणत. मी ताई म्हणे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझ्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या उगवल्या आहेत, असं निष्पन्न झालं. हजरतगंजमधल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि कौतुकाने पाहिला. एका वेळी एकच काढू, म्हणाले. आधी डावी. ती चाळीस मिनिटांत, चार तुकड्यांत निघाली. डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला : कापूस दाबून धरा, चूळ भरू नका, गरम खाऊ नका, चार दिवस शक्यतो बोलू नका. ऑफिसात अक्कल या विषयावर अपेक्षित ते विनोद झाले. ते इथे देत नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ताई डबा घेऊन खाली आल्या. मी दार उघडलं आणि "या" म्हणण्यासाठी तोंड उघडू लागलो.

"बोलू नका."

डब्यात ज्वारीची आंबील होती. पीठ त्यांची आई नागपूरहून येणाऱ्या माणसाबरोबर पाठवी. "गार आहे. चमच्यानं घ्या, उजवीकडून. गाल इतकाच सुजला? उद्या पाहा अजून." खुर्चीत बसल्या, खोलीवर एक नजर फिरवली, धूळ कुठे आहे ते सांगितलं, तळहात वर केला. "तीन मिनिटं झाली."

दुसऱ्या दिवशी गाल त्यांनी सांगितला होता तितका सुजला. ऑफिसातला एक सहकारी माझ्यासाठी अमीनाबादहून कुल्फी घेऊन सायकलरिक्षाने आला. इंदिरा नगरला पोचेपर्यंत तिचं दूध झालं होतं. ती मी वाटीतून प्यायलो. लखनौचं आतिथ्य माझ्या त्या वेळच्या प्रकृतीला इतकं अनुकूल कधीच ठरलं नव्हतं. सहकारी तासभर बोलला. ताई तीन मिनिटं बसल्या. आज मऊ खिचडी होती.

तिसऱ्या दिवशीही तेच. मला उत्तर देता येत नव्हतं म्हणून मी एका वहीत लिहून दाखवत असे. "आभार" असं लिहिलं. त्यांनी वाचलं. "अक्षर डॉक्टरसारखं आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

चौथ्या दिवशी त्या डबा ठेवून बसल्या आणि तीन मिनिटांनी उठल्या नाहीत. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"भाऊ, एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही बोलणार नाही, म्हणून बरं आहे."

परगावचे नंबर आता लोक आपले आपण फिरवू लागले होते. एक्स्चेंजमधले बोर्ड एकेक करून बंद होत होते. खात्याने ऑपरेटरांकडून अर्ज मागवले होते : इथेच बिलांच्या विभागात टेबलावर बसायचं, की स्वतःच्या विनंतीवरून आपल्या गावी बदली घ्यायची. नागपूरला चौकशीच्या बोर्डावर जागा होती. विनंतीच्या बदलीत ज्येष्ठता जाते, म्हणजे काल लागलेल्या मुलींच्या खाली नाव लागणार. अर्ज शनिवारी द्यायचा होता. त्या दिवशी गुरुवार होता.

"आई तिकडे एकटी आहे. मागच्या महिन्यात अंगणात पडली, शेजारणीनं उचललं. मला पत्रात लिहिते, सर्व ठीक. आणि इकडे ही. ही म्हणते, हम कहीं नहीं जा रहे. हिचं कॉलेज, हिच्या मैत्रिणी, हिचं सगळं इथं. नेलं तर जन्मभर बोलून दाखवेल. नाही नेलं तर आई..."

इथपर्यंतचं मी ऐकलं आहे आणि त्याची जबाबदारी घेतो. पण दुखण्यावरची गोळी साडेपाचला घेतली होती. आवाज सारखा, संथ, सवयीचा होता. इतकी वर्षं तो ऐकतच मी रिसीव्हर हातात धरून वाट पाहत आलो होतो. मला झोप लागली.

आवाज थांबला म्हणून जाग आली. ताई माझ्याकडे पाहत होत्या. काहीतरी विचारलं गेलं आहे आणि उत्तराची वाट पाहिली जात आहे, इतकं कळत होतं. मी मान हलवली.

ताईंनी तळहात वर केला. "चाळीस मिनिटं झाली," म्हणाल्या. "माझं असं कधी होत नाही." डबा घेऊन वर गेल्या.

मी बातमीदार आहे. शहानिशा न करता मी काही पुढे पाठवत नाही. ही एक पुष्टी तेवढी पाठवली होती आणि ती कोणत्या मजकुराला होती हे मला माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी टाके काढून परत आलो तर मुलगी जिन्यात उभी होती.

"अंकल, मम्मी ने आपसे पूछा था?"

"हाँ."

"और आपने कहा नागपुर चले जाओ?"

माझ्याजवळ खरं उत्तर होतं : मी झोपलो होतो. पण माझ्या झोपेच्या भरवशावर या मुलीचं गाव बदललं, हे तिला सांगणं मला सल्ला दिल्याहूनही वाईट वाटलं. मी गप्प राहिलो. आता कोणी मनाई केलेली नव्हती.

"आपको पता भी है वहाँ गर्मी कितनी पड़ती है?" ती म्हणाली आणि वर गेली. त्यानंतर ती मला नमस्ते करेनाशी झाली. बाजारात समोरून आलो तर रस्ता ओलांडी.

दोन दिवस मी थांबलो. चुकीची बातमी गेली तर दुरुस्ती देतात. ती जितकी उशिरा द्यावी तितकी निरुपयोगी. तिसऱ्या दिवशी वर गेलो. मुलगी कॉलेजला गेली होती. ताई वर्तमानपत्रात पितळेची भांडी गुंडाळत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐकत नव्हतो. मला झोप लागली होती. तुम्हाला अर्ज परत घेता आला तर पाहा."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "घोरत होते तुम्ही."

"मग?"

"मग काय? अठरा वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं, भाऊ. पलीकडचा माणूस ऐकून राहिला की नुसता रिसीव्हर धरून बसला, ते मला श्वासावरून समजते."

"झोपलेल्या माणसाला विचारलंत कशाला?"

"विचारलं कुठं? बोलले. ऑफिसात बोलावं तर प्रत्येकीला वाटे, ही गेली तर माझा नंबर वर. घरात बोलावं तर भांडण. आईला लिहावं तर ती म्हणणार, माझ्यासाठी येऊ नको. तुमच्यासमोर मोठ्यानं बोलले, तेव्हा माझं मलाच ऐकू आलं. जायचं ते ठरलंच होतं मनात. तुमची मान नंतर हलली."

"मग माझं नाव कशाला सांगितलंत तिला?"

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"तिला कोणाचा तरी राग येणारच होता ना. माझा आला असता तर? तिकडे आईचं घर दोन खोल्यांचं. एका खोलीत, तोंड फिरवलेल्या पोरीसोबत मी कसं राहायचं? तुम्ही काय, बाहेरचे. तुमच्यावर राग धरेल वर्षभर, तेवढ्यात रुळेल तिकडे." मग तांब्या पुन्हा उचलून, "तुम्हाला चालेल ना?"

या वेळी मी जागा होतो. मी मान हलवली.

"दुसरी दाढ कधी काढता?"

"पाहू."

"पाहू नका. काढा." तळहात वर झाला. "तीन मिनिटं झाली. भांडी राहिली आहेत."

चारबाग स्टेशनवर मी सामान चढवायला गेलो. मुलगी खिडकीशी बसली होती आणि दुसऱ्या फलाटाकडे पाहत होती. गाडी हलेपर्यंत तिने मान वळवली नाही. ताईंनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच खूण केली : बरोबर चाललं आहे.

पुढे दर दिवाळीत नागपूरहून पोस्टकार्ड येई. वर पत्ता, त्यांचा नवा फोन नंबर, मधे एकच ओळ : "उजवी काढली का?" मी उत्तर देत नसे, कारण काढली नव्हती. वरच्या मजल्यावर एका बँकेचे मॅनेजर राहायला आले. ते भाजीवाल्याला नुसतंच "रुको" म्हणत.

उजवी चौथ्या वर्षी काढली. तीच खुर्ची, तेच डॉक्टर, तोच कागद. बाहेर पडलो तेव्हा औषधाच्या दुकानाशेजारी काचेचा एक एसटीडी बूथ नवीन झालेला दिसला. आत फोन, भिंतीवर मिनिटं दाखवणारे लाल आकडे. मध्ये ऑपरेटर नाही. खिशात त्या वर्षीचं पोस्टकार्ड होतं आणि उत्तर द्यायला आता हरकत नव्हती. तोंडात कापूस आहे आणि अर्धी जीभ बधिर आहे, हे नंबर फिरवून झाल्यावर ध्यानात आलं.

"हॅलो?" मुलीचा आवाज होता. "हॅलो? कोण बोलून राहिलं?"

चार वर्षांपूर्वी जिने मला नागपूरच्या उन्हाबद्दल हिंदीत सुनावलं होतं, तिचं हे नागपुरी वाक्य टिपून ठेवण्यासारखं होतं.

"आई, कोणी बोलूनच नाही राहिलं."

"दे इकडे." रिसीव्हर हातातून हातात गेला. मग काहीच ऐकू आलं नाही. त्या ऐकत होत्या.

"भाऊ," ताई म्हणाल्या. "उजवी?"

मी मान हलवली.

"बोलू नका. कापूस दाबून धरा. आंबील कोण देणार तिथं? खिचडी करता येते का? पाणी जास्त घाला." मग सांगितलं, की आई दोन वर्षं जगली. त्या आल्यावर दोन वर्षं. शेवटी कोणाला ओळखत नव्हती, पण नातीच्या हातून जेवायची. मुलगी आता बी.ए. झाली. "तुमच्यावरचा तिचा राग केव्हाच गेला. भान होतं तेव्हा आजीनंच तिला म्हटलं, बरं झालं आलीस. तेव्हा मी तिला खरं काय ते सांगणार होते, पण राहिलं. सांगू?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"नको ना. मलाही तेच वाटते," त्या म्हणाल्या. भिंतीवर लाल आकडा तीनवर आला होता, पण तिथून तो त्यांना दिसण्याचं काही कारण नव्हतं.

"तीन मिनिटं झाली," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी बाहेर आलो. बूथवाल्याने माझ्या गालाकडे पाहिलं, मग आकड्यांकडे.

"बात हो गई, साहब?"

मी मान हलवली.