शिंगाळ्याचा काटा

आमच्या गल्लीतले मुजीब मुलाणी आणि सूरज यांची एकच गाडी. रत्नागिरीहून मासळी आणून सांगलीच्या बाजारात उतरवायची. मुजीबभाईंच्या पत्नी झुबेदाभाभी हसून म्हणायच्या, "आवं, माझ्यापरीस सूरजचं जास्ती ऐकत्यात हे."

गेल्या हिवाळ्यात जेटीवर जाळं रिकामं करायला मुजीबभाईंनी हात लावला, तेव्हा बोटाला काहीतरी टोचलं. दुखलं नाही, सूजही नाही.

"काय चावलं रं?" भाईंनी सूरजला विचारलं.

"शिंगाळा माशाचा काटा लागला आसंल. बस, मी चालवतो."

जाळ्यातून निसटून पाण्यात गेलेला चपट्या शेपटीचा साप सूरजनं पाहिला होता. पण साप चावलेल्याला सांगायचं नाही, भीतीनंच माणूस जातो, हे त्याच्या मनात लहानपणापासून बसलेलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं तर भाईंना कळणार. त्यापेक्षा सांगलीत ओळखीचे डॉक्टर आहेत, असं ठरवून त्यानं गाडी घाटाला लावली.

आंबा घाटात भाईंची मान अवघडली, मांड्या ठणकू लागल्या.

"सूरज, अंग लय मोडून आलंय रं."

"ह्या वयात जाळं वडलंस, दुसरं काय! झोप गप."

सांगलीत पोचेपर्यंत जबडा उघडेना. लघवी कोऱ्या चहासारखी. काय चावलं, डॉक्टरांनी विचारलं. स्ट्रेचरपाशीच सूरज म्हणाला, "समुद्रातला साप व्हता साहेब. मी बघितला व्हता."

मुजीबभाई पूर्ण शुद्धीत होते. सगळं ऐकू येत होतं, तोंडातून शब्द मात्र फुटेना.

डॉक्टर संतापले. नाग-घोणशीवरची लस या विषावर चालत नाही. लवकर सलाइन लावून मूत्रपिंडं जपायची, आणि नेमका तोच वेळ घाटात गेलेला. डायलिसिसवर भाई वाचले. सूरज वॉर्डाबाहेरून हलला नाही.

घरी आल्यावर भाई म्हणाले, "मरत मी व्हतो. मला सांगाय पायजे व्हतं."

"तू घाबरशील म्हून गड्या. तुझ्या भल्यासाठीच."

"मी तुला इचारलं व्हतं, सूरज. घाटातबी इचारलं."

पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा सुरू झाली. अंकलीला सूरज खाली उतरून चाकांची हवा बघून आला. "बराबर हाय, चल."

भाई उतरले आणि चारही चाकं स्वतः दाबून आले. बघतात तर सूरज आपली पिशवी घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघालेला.

भाईंनी हाक मारली नाही.