देवीच्या नावापुढची फीत

गिरिजम्मांच्या बोटांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. देवळात हरिकथा ऐकतानाही ती गुडघ्यावर टकटकत राहायची. म्हैसूरच्या कचेरीत तीस वर्षं माणसांची नावं संगणकात घालण्यात गेली, त्याची ही खूण. शेजारणी हसायच्या, "काय हो गिरिजम्मा, देवीलाही टाइप करून घेताय की काय?"

त्या गुरुवारी बंगळूरला लोबोंच्या खोलीत मात्र ती बोटं पदरात घट्ट गुंतून बसली होती. लोबो मंगळूरकडचे, पन्नाशी उलटलेले, जुन्या टेपांतला मजकूर काढून देणारे. त्यांच्यापुढे डोशाच्या तव्याएवढं एकच रीळ होतं. धरणाच्या पाण्यात गेलेल्या होसकेरीच्या एक्क्याण्णव घरांची यादी त्यात होती. होसकेरी म्हणजे गिरिजम्मांचं माहेर. आता सरकार बदल्यात दिलेल्या नव्या वस्तीची जागाही परत मागत होतं. मूळचे विस्थापित असाल तर यादी दाखवा म्हणत होतं. कागदावरची यादी वाळवीनं खाल्ली होती. उद्या सकाळी कोर्टात ती दिली नाही, तर घरं सोडायची. धाकटा भाऊ सिद्धय्या त्याच वस्तीत राहत होता.

"अम्मा, रीळ कोरं आहे," लोबो म्हणाले.

"कोरं कसं असेल? मी स्वतः टाइप केलंय."

"कुठल्या प्रोग्रामनं भरलंय ते ठाऊक नाही. यंत्रावर फीत भरणारे तुमच्या कचेरीतले मूर्ती वारले म्हणता. जुनी फीत चिकटते, म्हणून मी आठ तास मंद आचेवर शेकून चालवली. सुरुवातीला एक ओळ आहे, तिच्यामागे लागोपाठ दोन खुणा. दोन खुणा म्हणजे फीत संपली."

तेवढ्यात फोन वाजला. सिद्धय्या. "अक्का, मिळाली का? इथं सकाळपासून कुणाच्या घरी चूल पेटली नाही."

"बघतायत रे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. खोटं बोलायची सवय नसलेला जीव. कानाच्या पाळ्या तापल्या. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ती ओळ काय आहे?"

लोबोंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, श्री चामुंडेश्वरी प्रसन्न.

गिरिजम्मा उठूनच उभ्या राहिल्या. "अहो, हे मूर्तींचं! दसऱ्याच्या आयुधपूजेला नवं रीळ काढलं की आधी देवीचं नाव लिहायचे. मग मी डब्याला कुंकू लावायची, मग काम. देवीच्या नावावर दुसरं काही लिहायचं नाही, म्हणून तेवढी फीत सोडून पुढून सुरुवात करायचे."

लोबोंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे नाव लिहून झाल्यावर यंत्रानं संपल्याची खूण मारली, आणि तुमचे मूर्ती ती ओलांडून पुढं गेले! असं कोण करतं हो?"

"आम्ही करायचो."

लोबोंनी फीत जबरीनं पुढं सरकवली. पडद्यावर अक्षरं आली, पण सगळी एकमेकांत शिरलेली, कुठं शब्द संपतो ते कळेना. गिरिजम्मांनी डोळे मिटले आणि बोटं टेबलावर ठेवली. "आधी घराचा नंबर. मग कर्त्याचं नाव, बापाचं नाव. मग गाई. शेवटी माड." लोबो तसतसं तोडत गेले आणि माणसं सुटी होऊन उभी राहिली. मुद्दय्या, बोरम्मा, चिक्कण्णा. गिरिजम्मा रडत होत्या आणि वाचत होत्या. छप्पन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न.

फीत किंचाळली. लोबोंनी यंत्र बंद केलं. आत फितीवरची, अक्षरं धरून ठेवणारी तपकिरी भुकटी सांडली होती, आणि पुढची फीत काचेसारखी आरपार दिसत होती. खालचे वेढे एकमेकांना असे चिकटले होते की सोडवताना सालपटंच हातात आली.

लोबो म्हणाले, "अम्मा, आता यात काही उरलं नाही."

"माझ्या माहेरचं घर चौसष्टावं." त्या भुकटीकडे बघत राहिल्या. "आई चामुंडेश्वरी, तुझं नाव तेवढं धड ठेवलंस," एवढंच पुटपुटल्या.

मग बोटं आपण होऊन टेबलाच्या काठावर चालू लागली. "लिहा. एकोणसाठ. मादय्या, बाप केंचय्या. दोन गाई, चार माड."

"आठवणीतून सांगितलेलं कोर्ट मानणार नाही. त्यातून तुमचा भाऊच वस्तीत."

"ठाऊक आहे हो. लिहा तुम्ही."

साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. एकेका घराचं अंगण डोळ्यांपुढे येत होतं. "चौसष्ट. निंगय्या, बाप सिद्धय्या. तीन गाई." आजोबांचंच नाव भावाला ठेवलेलं. बोटं थांबली. स्वतःच्याच बापाच्या परसातले माड आठवेनात. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडल्या.

फोन वाजला. त्यांनी भावाला बोलूच दिलं नाही. "सिद्धा, आपल्या परसात माड किती होते रे?"

सिद्धय्या हळूच म्हणाला, "अक्का, यादी मिळाली नाही ना?"