सुमी आणि घरातली केमिस्ट्री

इंटरला केमिस्ट्री घेतलेल्या बाईला मूल झालं की किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमचे हे पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. त्यामुळे कॉलनीत मला 'शास्त्रीय आई' म्हणतात. तोंडावर! आमची लेक सुमी या शास्त्राला अजून तरी पुरून उरली आहे.

*

सुमीच्या पोटात भलतं काही जाऊ नये म्हणून मी बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, बोरिक पावडर. एका मंगळवारी त्या वाफेनं सुटल्या. मी त्या वाळवून पुन्हा चिकटवल्या आणि कांदाभजी केली.

"फुललीत झकास," हे म्हणाले, "पण जिभेला फेस येतोय!" तरी सभ्यपणानं सहा खाल्ली आणि पोट धरून शिफ्टला गेले.

सुमीला न्हाऊ घालायला येणारी सरूबाई महाळुंग्याची. तिनं बरणीत बोट घालून चाटलं. "बाई, तुमी वाचता म्हनून चुकता. आमाला वाचता येत न्हाई, आमी चाखून बघतो!"

*

सुमीचे लंगोट निर्जंतुक व्हावेत म्हणून मी ते पोटॅश परमँगनेटमध्ये भिजवले. गुलाबी पाण्यातून तपकिरी लंगोट निघाले. असं होतं, हे पुस्तकात होतं. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते! दोरीवर टाकताना सरूबाईनं एवढंच विचारलं, "ह्ये धुतल्याले हायत, का धुवायचे?"

*

डीडीटी फवारणारे आले, तेव्हा मी सुमी, पाळणा, दुधाचं पातेलं, सगळं अंगणात काढलं.

"ताई, यानं फक्त डास मरतात," फवारणारा हसला.

"लिहून द्या!"

त्यानं भिंतीवर तारीख लिहिली आणि गेला.

*

महिनाभरानं सुमीला ताप भरला, छाती घरघरू लागली. आम्ही दोघं आणि सरूबाई तिला घेऊन दवाखान्यात धावलो. "न्यूमोनिया," डॉक्टर म्हणाले, "पेनिसिलिन देऊ."

आमच्यासारखं पेनिसिलिन दुसरं नाही, असं हे येईल-जाईल त्याला सांगत. आता ह्यांनी डॉक्टरांकडून बाटली हातात घेतली. बॅच नंबर दोनदा वाचला.

"डॉक्टर, ही बॅच मी पास केलीय."

"मग उत्तमच की!"

"मंगळवारी." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भज्यांच्या मंगळवारी, पोट धरून."

डॉक्टरांना काही कळेना. मी सुमीला घट्ट धरून फरशीकडे बघत राहिले. घरघर वाढत होती.

ह्यांनी शर्टाची बाही वर सारली.

"आधी मला टोचा."

दारातून सरूबाई म्हणाली, "व्हय! आधी आपन चाखायचं, मंग लेकराला द्यायचं."